वरची मूठ

“राखेनं घासल्या तरी कुनी मेली न्हाय आमच्यात. आता म्हने साबन पायजे.”

कुडापलीकडून ही कुरकुर माझ्या कानाशी आली, ती इतक्या जवळून की सोनाबाईच्या तोंडातल्या तंबाखूचा वासही तिच्याबरोबर आला. आमच्या चुलीत आणि मागच्या न्हाणीत एकच कूड. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा हात, आणि तो हातही जागोजागी निसटलेला. मी अलीकडे पाणी तापवत होते, ती पलीकडे दगडावर टेकली होती. एरवी सोनाबाईची कुरकुर म्हणजे रहाट. एकदा फिरायला लागला की विहीर आटेपर्यंत थांबायचा नाही. पण ‘मेली’ हा शब्द तोंडातून गेला आणि रहाट जागीच अडकला.

मीही लाकूड आत सारता सारता थांबले. आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो, पण दोघींनी श्वास धरलाय हे दोघींना कळत होतं.

सोनाबाई नवऱ्यामुलाची चुलती. सकाळी तिकडे नवऱ्यामुलाला, हरेश्वरला, हळद लागली, आणि त्याची उष्टी हळद पितळेच्या वाटीत झाकून ती आणि हरेश्वरची लग्न झालेली बहीण बायजा होडीने खाडी ओलांडून आमच्याकडे आल्या होत्या. ती हळद माझ्या भाचीला, गोदूला लावायची, आणि मग नवऱ्याकडच्या सवाष्णीने तिला न्हाऊ घालायचं, ही आमच्यातली रीत. मी विधवा, त्यामुळे हळदीच्या दिवशी माझी जागा कुडाच्या अलीकडे. पाणी तापवायला मात्र विधवेचा हात चालतो. विस्तवाला विटाळ नसतो असं सांगतात. मला वाटतं, धुरात बसायला कुणी सवाष्ण तयार होत नाही.

‘मेली’ म्हटल्यावर गप्प व्हायचं कारण होतं. हरेश्वरची पहिली बायको मागच्या चैत्रात गेली होती. उघाडीवरून पाय घसरून. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं ते तिथून. “पाय घसरला हो बिचारीचा,” हे वाक्य मी बाजारात ऐकलं, विहिरीवर ऐकलं, देवळाच्या पायरीवर ऐकलं, आणि सगळीकडे ते शब्दाला शब्द सारखंच होतं. खरं घडलेलं माणसं इतकं सारखं सांगत नाहीत. एक म्हणते सकाळी, दुसरी म्हणते छे गो, जेवणं झाल्यावर.

आणि चैत्रात! आम्ही मिठागरातली माणसं. चैत्रात उघाडीच्या दगडांवर मिठाचा खरखरीत थर चढतो, अनवाणी चाललं तर तळवे सोलून निघतात. शेवाळ धरतं ते पावसात. हे आमच्यातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पण खाडीच्या दोन्ही काठांना हरेश्वरच्या बापाच्या मिठागरात राबत नाही असं घर नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी चैत्रात शेवाळ आलं होतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आम्हीही.

गोदूचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, चांगदेव. त्याची बायको गोदू लहान असतानाच गेली, आणि त्याच सुमाराला मी कपाळ पुसून माहेरी आले. तेव्हा त्या पोरीला आई हवी होती आणि मला काहीतरी काम. तिचं खरकटं, तिचा ताप, तिचे गुंते, सगळं माझ्या हातांतून गेलंय.

चांगदेव मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता. “दादूस, मिठासाठी तुरुंगात कशाला गेलास? परसात गेला असतास तरी मिळालं असतं,” असं मी त्याला चिडवायची. तो हसायचा. भला माणूस. इतका भला, की त्याच्याशी भांडायला लागलं की आपणच वाईट वाटायला लागतो. तुरुंगात त्याला एक मास्तर भेटला, आणि त्याने त्याला साबण करायला शिकवलं. विलायती साबण घ्यायचा नाही, घरी करायचा. सुटून आला तो मुंबईहून काष्टिक सोड्याचा डबा घेऊनच.

काष्टिकची मला पहिल्यापासून भीती वाटायची. पांढरी शुभ्र, दिसायला अगदी आमच्या मिठाच्या खड्यासारखी; पण पाण्यात टाकली की विस्तवावाचून पाणी उकळायला लागे आणि भांड्याला हात लावता येत नसे. गोदू त्याला भुताचं पाणी म्हणायची आणि लांब उभी राहायची.

“तेलात बी एक आंबट असतं, सखू,” चांगदेव खोबरेलात ते पाणी ओतून दांड्याने ढवळत सांगायचा. “जिभेला लागत न्हाय, पन असतं. दुबळं असतं. आन काष्टिक म्हंजे पैलवान. दोघांची गाठ पडली की दोघं बी आपला सोभाव सोडतात, आन साबन व्हतो.”

“मग जिंकतं कोन?”

“कोनच न्हाय. बरोबरी व्हते.” मग थोडा वेळ नुसतं ढवळून म्हणायचा, “तरी मास्तर म्हनायचा, दुबळ्याची आन पैलवानाची बरोबरी झाली तरी जरा जोर पैलवानाचाच उरतो. म्हनून तर चांगला साबन बी डोळ्यात गेला की झोंबतो.”

मला त्यात नवीन काही वाटलं नाही. मी सासर पाहिलं होतं.

साबण लाकडाच्या खोक्यात ओतायचा, घट्ट झाला की तारेने वड्या पाडायच्या, आणि त्या फळीवर मुरत ठेवायच्या. लोणच्यासारखंच. मुरला की नाही हे बघायला चांगदेव वडीला जिभेचं टोक लावायचा. चटका बसला की वडी परत फळीवर.

मागणी तिकडून आली. चांगदेव मिठागरावरून हातात नारळ घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता बोलला. मी भाकऱ्या थापत होते.

“मोठं घर हाय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“आपन होऊन इचारलं त्यांनी.”

“व्हय.”

“न्हाय कसं म्हनायचं, सखू?”

हे त्याने खरोखरच विचारलं होतं. मी उत्तर दिलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण तव्यावरची भाकरी करपत होती, म्हणून मी ती उलटली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने साबणाचा सपाटा लावला. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर घरच्या साबणाची वडी ठेवायची. पोरीची हळदही घरच्या साबणानेच उतरवायची. लग्न पावसाच्या आधी उरकायचं होतं, मुरायला वेळ नव्हता, पण तो ऐकेना. ज्याला नाही म्हणता येत नाही तो माणूस काहीतरी करत सुटतो. माझ्या भावाने साबण केला. मी पापड लाटले.

 हळदीच्या दिवशी सकाळी मी गोदूच्या डोक्याला तेल लावत होते तेव्हा ती लग्नाबद्दल पहिल्यांदा बोलली.

“आत्ये, चैतात उघाडीवर शेवाळ असतं?”

“मान सरळ धर.”

“असतं का?”

“डोळे मीट, तेल जाईल.”

तिने डोळे मिटले. बाजाराच्या होडीत पाय बांधून ठेवलेली कोंबडी ओरडत नाही, नुसती आतून थडथडत असते. तिचं डोकं माझ्या हातांत तसं लागत होतं.

“तिचं नाव काय व्हतं गो?”

“कुनाचं?”

“बग, तू बी न्हाय घेत. कुनीच न्हाय घेत. नाव घेतलं की काय व्हतं, आत्ये?”

मी तिच्या केसांत बोटं फिरवत राहिले. नाव मला माहीत होतं. तोंडात आलंही होतं. पण मग पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि बाहेर मांडवाला जांभळीच्या डहाळ्या बांधणं चाललं होतं. मी वेणी घातली. घट्ट घातली, जितकी घट्ट घालता येईल तितकी. जणू त्याने काही धरून राहणार होतं.

पाणी तापलं. मी हंडा दारापर्यंत सरकवला, तिथून पुढे सवाष्णींनी नेला. न्हाणीला झावळ्यांचा आडोसा केला होता, मधे पाट, पाटाभोवती चार तांबे, आणि तांब्यांना सूत गुंडाळलेलं. गोदू पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली. धवलारणीने, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या आणि विधी सांगणाऱ्या आमच्यातल्या बाईने, सूर लावला. मी कुडाची माती जिथे निसटली होती तिथे डोळा लावला. विधवेने बघू नये असं आहे, भोकातून बघू नये असं कुठे नाही.

बायजाने वाटीवरचं फडकं काढलं. गोदूच्या पायांना, हातांना, गालांना हळद लागली. गळ्याला लावली तेव्हा ती किंचित मागे सरली.

“लाजतेय,” बायजा म्हणाली, आणि बायका हसल्या.

“विहीणबाई,” आडोशामागून चांगदेवचा आवाज आला. त्याने केळीच्या पानात गुंडाळलेली वडी वरून आत धरली. “घरचा हाय. आमची पोर ह्यानंच न्हाऊ घाला.”

सोनाबाईने वडी घेतली, हुंगली, आणि कुरकुर पुन्हा सुरू झाली. “नुसता गुळगुळीत. हातात ठरत न्हाय. फेस बघा, भरतीच्या तोंडावर असतो तसा.” ती गोदूच्या मागे उभी राहिली. डोकं मागे कलतं करून केसांवर पाणी घालायचं म्हणून तिने फेसाळलेला डावा हात मागून पोरीच्या गळ्याला लावला, बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या, आणि उजव्या हाताने तांब्या उचलायला वाकली. तांब्या जड होता. तो धरायला तिने डावा हात काढून घेतला.

आधी मला वाटलं झावळीची सावली पडलीय.

मग ती सावली तांबूस झाली. मग लाल. गोदूच्या पिवळ्या गळ्यावर एकेक बोट वर येत होतं, पाण्यातून काहीतरी वर यावं तसं. एका बाजूला चार बोटं. दुसऱ्या बाजूला अंगठा. ताज्या कुंकवासारखी लाल.

धवलारीण ओळीच्या मधेच थांबली.

आता एक सांगायला हवं. हळदीच्या लुगड्याला साबण लागला की ते लाल होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. राखेच्या पाण्यानेही होतं. हळदीला चुना लावून घरी कुंकू करणाऱ्या बायका होत्या त्यांत. पण त्या क्षणी एकीलाही लुगडं आठवलं नाही, मला धरून. लुगड्यावर कुणी बोटं उमटलेली पाहिली नव्हती. आणि आम्ही सगळ्याजणी सकाळपासून, खरं तर मागच्या चैत्रापासूनच, कशाची तरी वाट बघत होतो.

कुणी हलेना. तांब्याच्या काठाला लागलेलं पाणी टपटपत होतं, तेवढाच आवाज. सोनाबाई आपल्या हाताकडे बघत होती. हात पांढरा होता, फेसाचा.

“ह्ये काय?” बायजा म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तिला काय दिसलं कोण जाणे, पण आवाज लगेच जाड झाला. “माज्या भावाची हळद हिच्या अंगावर ठरत न्हाय. रगत होऊन निघते. पोरीत खोट हाय.”

दोन-तीन बायका मागे सरकल्या. गोदू तशीच बसून होती. गळ्याला काय झालंय ते तिला दिसत नव्हतं, आमचे चेहरे दिसत होते.

“आत्ये,” ती कुडाकडे तोंड करून म्हणाली. मी तिथे आहे हे तिला माहीत होतं. “झोंबतंय.”

भोकाला लावलेला डोळा मला काढता येईना.  ही खूण आहे म्हणून गप्प राहावं, तर लग्न इथेच मोडत होतं. पोर वाचत होती. पण मोडत होतं ते पोरीच्या नावावर. जिच्या अंगावर हळद रक्त होते ती मुलगी, म्हणून खाडीच्या दोन्ही काठांना तिच्याकडे बोट दाखवणार, आणि मेल्यावरही दाखवणार. आणि हा नुसता साबण आहे असं सांगावं, तर डाग पुसला जात होता, आणि संध्याकाळी वऱ्हाड आणि उद्या सासरची होडी. दोन्हीकडून तीच बुडत होती. आणि तिसरी वाट तिथल्या प्रत्येकीच्या दातांमागे होती.

“झोंबतंय गो, आत्ये.”

मग मी फार विचार केला नाही. आगीत हात घातलेल्या पोराला आधी बाहेर ओढतात. मी दार ओलांडून न्हाणीत गेले.

“आत्याबाय, तुमी कुठं हळदीत,” बायजा म्हणाली.

“पोर जळतेय,” मी म्हटलं. तांब्या उचलून मी गोदूच्या गळ्यावर पाणी ओतलं, आणखी ओतलं, आणि मग खाली पडलेली वडी उचलून जिभेचं टोक लावलं. अंगारा लागल्यासारखं झालं.

“दादूस.”

“काय गो?” आडोशामागून.

“वरची मूठ टाकलीस?”

 मीठ मोजताना माप शिगोशीग भरलं की आमच्यात वर एक मूठ जास्तीची टाकतात. हिशेबात नसते ती, शकुनाची असते. घेणाऱ्याचं कल्याण व्हावं म्हणून. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात तो, माप भरलं की आपोआप पुन्हा ढिगाकडे जातो.

“लग्नाचा साबन व्हता,” चांगदेव म्हणाला. “एक पळी वर टाकली. शकुनाची.”

“काष्टिकची?”

“पोरीचं भलं व्हावं म्हनून, सखू.”

ती वरची पळी तेलाला पेलली नव्हती. तेलात जेवढं आंबट होतं तेवढं आपलं आपलं भांडून संपलं, आणि जास्तीचा पैलवान वडीत तसाच दबा धरून बसला. मुरायला वेळ मिळाला असता तर जरा तरी निवळला असता. वेळ आम्ही दिला नाही.

“लिंबू आन,” मी म्हटलं. तो धावला. सरबताची लिंबं मांडवात होतीच. त्याने बाहेरच तांब्याभर पाण्यात लिंबू पिळून तांब्या आत दिला. मी सोनाबाईपुढे तांब्या धरला. लावायचं तर सवाष्णीने. तिने हात पुढे केला नाही. म्हणून मीच ओंजळीने गोदूच्या गळ्यावर ते पाणी सोडलं.

लाल रंग पिवळा झाला. आधी करंगळी गेली. मग एकेक बोट. अंगठा सगळ्यात शेवटी गेला.

“अगो माजे आये,” कुणीतरी म्हणालं, “साबनाचं व्हय! माजं लुगडं बी असंच झालं व्हतं, नव्या लुगड्याची वाट लागली.” आणि मग सगळ्यांनाच आपापली लुगडी आठवली. कुणाचं बारशातलं, कुणाचं भावाच्या लग्नातलं. एक हसली, तशा सगळ्या हसायला लागल्या, जरा जास्तच मोठ्याने. घाबरलेल्या बायकांचं हसणं मला ओळखता येतं. त्यात श्वास घ्यायला जागा नसते. बायजाही हसली. “चांगदेवमामा, तुमी नवरीला धुताय का तांब्याभांड्यांना,” असं काहीतरी बोलली, आणि धवलारणीने तुटलेली ओळ जिथे सोडली होती तिथून उचलली.

मी लिंबाची साल हातात घेऊन उभी होते. गोदूने वर पाहिलं. गळा स्वच्छ पिवळा, मधे एक जागा जराशी सोललेली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, की बाहेर तर ओढलंस, आता कुठे ठेवतेस.

“उरका आता,” बायजा म्हणाली. “भरती लागंल, होडी खोळंबली हाय. काकी, घ्या परत. जरा बेतानं.”

सोनाबाई हलली नाही.

“काकी. लावा की हात तिला.”

“विहीणबाई, ती वडी नको,” चांगदेव आडोशामागून घाईने बोलला. “ही घ्या. जुनी हाय, चांगली मुरलेली.” आणि खरोखरच दुसरी वडी झावळ्यांवरून आत आली. मला त्या क्षणी माझ्या भावाचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता, आणि जितकी दया आली तितकीही.  त्यालाही कळत होतं तो काय पुढे करतोय ते.

सोनाबाईने वडी घेतली. सवयीने हुंगली. कुरकुर मात्र आली नाही. एरवी जिच्या तोंडाला खळ नसते ती बाई गप्प बसलेली बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बोटं उमटली तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती.

“जुनी हाय?” तिने विचारलं.

“व्हय.”

“झोंबनार न्हाय?”

“न्हाय.”

“डाग पडंल?”

 चांगदेवला खोटं बोलता आलं असतं. “जरा पडंल,” तो म्हणाला. “कितीबी मुरवला तरी जोर थोडा उरतोच, विहीणबाई. पन लिंबानं जाईल. आत्ता गेला न्हाय का, तसा.”

सोनाबाईने डावा हात उघडून धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मग अगदी हलकेच, कुणाचं तरी झोपलेलं मूल उचलावं तशी, ती गोदूच्या समोर येऊन खाली बसली.

“तिचा न्हाय गेला,” ती म्हणाली.

“काकी,” बायजा म्हणाली.

“कुनाचा?” गोदूने विचारलं. सकाळचाच प्रश्न. सकाळी मी तिला डोळे मिटायला लावले होते. आता ते उघडे होते, सोनाबाईच्या तोंडावर लागलेले.

“मथीचा.”

एवढं नाव घेतलं गेलं आणि धवलारीण पुन्हा गप्प झाली. ह्या वेळी कुणी मागे सरकलं नाही.

“काकी, घरी जायचं हाय तुमाला,” बायजा म्हणाली. दात आवळून, पण हळू. “इसरू नका. पाय घसरला तिचा.”

“ठावं हाय मना, घरी जायचं हाय ते.” सोनाबाईने साबणाची वडी पाटाशेजारी ठेवली, नीट, उताणी. तिचा आवाज कुरकुरीचाच होता, रोजचा, पाणी गार का, चूल ओली का असं विचारावं तसा, फक्त मधे मधे तुटत होता. “मथीला मीच न्हाऊ घातली. सवाष्न गेली, म्हनून हळद बी मीच लावली. गळाभर लावली. परत लावली. सासू म्हनाली, आनखी लाव. हळदीखाली झाकलं न्हाय ते.” तिने बोट पुढे केलं आणि गोदूच्या गळ्याला न लावता, हवेतच दाखवलं. “हितं चार. हितं अंगठा. माजा हात लहान हाय, बाय. ती बोटं मोठी व्हती.”

“काकी.”

“पाय न्हाय घसरला गो तिचा. चैतात कुनाचा घसरतो? हरेश्वरनं मारली तिला.”